जुन्या डिझेल मोटारगाडीच्या झडपा : खास हत्यारांची गरज किती?

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणम् जवळ पट्टीश्वरम् नावाचे गाव आहे. धेनुपुरीश्वराच्या देवळामुळे आणि तेथील दुर्गेमुळे ते प्रसिद्ध आहे. कुंभकोणम् च्या आसपास नवग्रहांची देवळे विखुरलेली असल्यामुळे ह्या भागात यात्रेकरूंची वर्दळ वर्षभर असते व त्यांची ने-आण बहुतांशी डिझेलवर चालणाऱ्या भाड्याच्या मोटारगाड्या करतात. १६७६ ते १८५५ ह्या काळात तंजावरवर मराठ्यांचे राज्य होते, ही गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच. त्या राज्याचा आज मागमूस उरला तो भाषेत, ग्रंथालयात आणि घराण्यांत. परंतु महाराष्ट्राशी असलेला आणखी एक अगदी निराळा दुवा ह्या रस्त्यांवर धावताना दिसतो, तो म्हणजे पुण्याजवळच्या आकुर्डी येथील कंपनीची ‘टेंपो ट्रॅव्हलर’ गाडी.

ही गाडी बजाज टेंपो कंपनीने १९८७ साली बाजारात आणली. (ह्याच कंपनीचे नाव २००५ साली ‘फोर्स मोटर्स’ असे झाले.) तिच्यासाठी निवडलेले एंजिन मात्र मुळात एका मोटारगाडीचे होते. जर्मनीतील डायमलर-बेंझ कंपनीचे ‘ओएम ६१६’ हे चार सिलिंडरांचे डिझेल एंजिन १९७३ पासून ‘मर्सिडीज २४० डी’ ह्या गाडीत बसविले जात असे. तेच परवान्याने आकुर्डीस बनू लागले. ते टिकाऊ म्हणून नावाजले गेले. पण त्याचा एक नियम आहे : ठराविक अंतर चालून झाले की त्याच्या झडपांमधील मोकळीक तपासावी लागते आणि बिघडली असल्यास पुन्हा साधावी लागते. पुस्तिका सांगते की ह्या कामास खास वाकविलेले पाने हवेत. जेथे कंपनीची कर्मशाळा जवळ नाही अशा गावातील गाडीवाला साहजिकच विचारतो की, हे पाने खरोखर अपरिहार्य आहेत काय? की पेटीतल्या साध्या हत्यारांवर काम भागेल? ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते झडपेच्या रचनेवर अवलंबून असते. म्हणून प्रथम झडपेचे कार्य समजून घेऊ.

झडपेचे काम

डिझेल एंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरात शिरलेली हवा दट्ट्या इतकी दाबतो की तिच्याच उष्णतेने फवाऱ्याने आत येणारे तेल पेट घेते. रुडोल्फ डीझेल ह्याने ऑग्जबर्ग येथे १८९७ साली चालवून दाखविलेल्या एंजिनाचे तत्त्व हेच होते व १९३६ सालच्या ‘मर्सिडीज २६० डी’ ह्या आरंभीच्या डिझेल मोटारगाडीतही तेच होते. ओएम ६१६ मध्ये हवा मूळ आकारमानाच्या एकविसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते. उष्णता बाहेर मुळीच जात नाही असे धरले, तर २७ अंश सेल्सिअस तापमानाची हवा अशा दाबाने सुमारे ७४० अंशांपर्यंत तापेल, असे गणिताने निघते. प्रत्यक्षात सिलिंडराच्या भिंती बरीच उष्णता शोषून घेतात व दट्ट्याच्या कड्यांतून थोडी हवा निसटते. त्यामुळे तापमान ह्याहून कमी राहते, तरीही तेल पेटण्यास ते पुरते.

आता सिलिंडराच्या माथ्यावर दोन झडपा असतात. एकीतून हवा आत येते, तिला आपण प्रवेश-झडप म्हणू. दुसरीतून जळलेला वायू बाहेर जातो, ती निकास-झडप. दोन्हींचा आकार उलट्या धरलेल्या छत्रीसारखा : खाली वर्तुळाकार तबकडी व वर लांब दांडा. दांड्याभोवतीची मजबूत स्प्रिंग तबकडीला तिच्या बैठकीवर घट्ट ओढून धरते. कॅम नावाचा लंबगोल भाग फिरता फिरता योग्य वेळी रॉकर ह्या भुजेमार्फत दांडा खाली दाबतो, तेव्हा झडप उघडते. एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटास १,५०० वेळा उघडते व मिटते. मिटलेल्या अवस्थेत ती पूर्णपणे मिटली पाहिजे, कारण दाबलेली हवा निसटली तर तापमान घटते आणि डिझेल एंजिन, विशेषतः थंडीच्या सकाळी, चालूच होत नाही.

मोकळीक कशासाठी?

कॅमची उंच बाजू वर असताना, म्हणजे झडप मिटलेली असताना, कॅमची गोल पाठ व रॉकर ह्यांमध्ये अगदी बारीक फट ठेवलेली असते. तिलाच झडपेची मोकळीक म्हणतात. हिचे कारण उष्णतेने होणारे प्रसरण होय.

उदाहरणादाखल १२० मि. मी. लांबीची पोलादी झडप घेऊ. पोलाद दर अंशास आपल्या लांबीच्या सुमारे दहा लक्षांश भागांपैकी १२ भाग वाढते. झडपेचे सरासरी तापमान ३०० अंशांनी वाढले, तर तिची लांबी १२० × ०·०००,०१२ × ३००, म्हणजे सुमारे ०·४३ मि. मी. वाढेल. सिलिंडराचा माथाही तापतो, परंतु त्याभोवती पाणी खेळत असल्यामुळे तो कमी तापतो. त्याची वाढ ०·१ मि. मी.च्या आसपास राहते. दोहोंतील फरक ०·३ मि. मी.हून अधिक झाला. थंड एंजिनात एवढी जागा मोकळी ठेवली नाही, तर गरम झालेली झडप रॉकरला टेकून राहील आणि तिची तबकडी बैठकीवर पुरती बसणार नाही.

निकास-झडपेला जळता वायू स्पर्शून जातो व प्रवेश-झडपेला दर वेळी थंड हवा लागते. म्हणूनच दोहोंची मोकळीक सारखी नसते. २४० डी गाडीच्या थंड एंजिनासाठी प्रवेश-झडपेस ०·१० मि. मी. व निकास-झडपेस ०·३० मि. मी. असा आकडा दिलेला आहे. एकाच कुलातील एंजिनांतही आकडे बदलतात. टर्बो जोडलेल्या पाच सिलिंडरी भावंडात निकास-झडपेस ०·३५ मि. मी. लागते. यास्तव ज्याने त्याने आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

मोकळीक वाढली तर झडप थोडी उशिरा उघडते, थोडी लवकर मिटते आणि प्रत्येक फेरीत खट् खट् असा आवाज करते. ही तक्रार कानाला लगेच कळते. मोकळीक कमी झाली तर आवाज उलट नाहीसा होतो व अजाण चालकास एंजिन सुधारल्यासारखे वाटते. खरा धोका येथेच आहे. मिटलेल्या अवस्थेत झडप आपली उष्णता बैठकीला देऊन थंड होत असते. बैठकीशी तिचा स्पर्श अपुरा झाला की ही वाट बंद पडते, जळता वायू फटीतून झोताप्रमाणे निसटतो आणि थोड्याच दिवसांत तबकडीची कड जळून खपली निघते. मग संपूर्ण माथा उतरवून झडप बदलणे व बैठक घासणे ह्याखेरीज उपाय राहत नाही. भाड्यावर गाडी चालविणाऱ्यास हा खर्च तर होतोच, शिवाय गाडी उभी राहिल्याने रोजची कमाईही बुडते. तासा-दोन तासांच्या तपासणीने हे टळते. झडप व तिची बैठक दोन्ही हळूहळू झिजून झडप वर सरकत असल्यामुळे मोकळीक कमी होण्याची प्रवृत्ती सदैव असते, हेही ध्यानात ठेवावे.

पहिला प्रकार : स्क्रू आणि नट

जुन्या मोटारगाड्यांत मोकळीक साधण्याच्या मुख्यतः तीन रचना आढळतात. पहिली सर्वांत साधी. १९८० च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सने ॲम्बॅसडर गाडीत १,४८९ घन सें. मी.चे डिझेल एंजिन बसविले. मूळ रचना ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची. त्यात कॅम खाली असतो व उभ्या दांडीमार्फत रॉकरला ढकलतो. रॉकरच्या एका टोकाला स्क्रू असून तो नटाने आवळलेला असतो.

येथे लागते काय? नटाच्या मापाचा रिंग पाना, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि फिलर गेज, म्हणजे निरनिराळ्या ज्ञात जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा. नट सैल करावा, योग्य जाडीचे पाते फटीत घालावे, ते किंचित अडखळत सरकेल इतका स्क्रू फिरवावा, स्क्रू तसाच धरून नट आवळावा आणि पुन्हा मोजावे. ही शेवटची मोजणी गाळू नये, कारण नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. स्क्रूचे आटे १ मि. मी. अंतरावर असतील तर ३० अंशांच्या फिरकीने, म्हणजे घड्याळाचा काटा एका तासात जेवढा सरकतो तेवढ्याने, ०·०८ मि. मी. फरक पडतो, इतक्या लहान फिरकीचे एवढे महत्त्व आहे.

कोणती झडप केव्हा मोजावी, हे ठरविण्यास ह्या कुलातील चार-सिलिंडरी एंजिनांत एक सुटसुटीत नियम उपयोगी पडतो. झडपांना पुढून १ ते ८ असे क्रमांक द्यावेत. जी झडप पूर्ण उघडी असेल तिचा क्रमांक ९ मधून वजा करावा आणि येईल त्या क्रमांकाची झडप साधावी. आठवी उघडी असता पहिली, सहावी उघडी असता तिसरी, ह्याप्रमाणे. तात्पर्य, ह्या रचनेस खास हत्यार मुळीच लागत नाही.

दुसरा प्रकार : दांड्यावरचे दोन नट

ओएम ६१६ ची रचना निराळी आहे. त्यात कॅमदंड माथ्यावर असून रॉकर थेट झडपेला दाबतो. झडपेच्या दांड्याच्या टोकाला आटे पाडलेले असतात. त्यांवर टोपीसारखा एक नट बसतो, त्याच्याखाली त्याला आवळून धरणारा दुसरा नट आणि त्याच्याही खाली स्प्रिंगची थाळी. टोपी-नट खाली फिरविला की मोकळीक वाढते, वर फिरविला की घटते. दोन्ही नट १४ मि. मी. पान्याचे. फट मोजावयाची ती कॅमची पाठ व रॉकर ह्यांमध्ये.

अडचण जागेची आहे. दोन्ही नट जाडीने कमी, एकमेकांस चिकटलेले आणि रॉकर, स्प्रिंग व माथ्याची कड ह्यांच्या मधल्या अरुंद खोलगटात बसलेले. साधा सरळ पाना तेथे घातला तर त्याची दांडी कडेस किंवा शेजारच्या रॉकरला अडते. पकडीने वा पाइप पान्याने जोर केला तर नटाच्या कडा गोल होतात आणि पुढे कोणतेच हत्यार त्यावर बसत नाही. म्हणून कारखान्याने मुख खाली व दांडी वर येईल असे वाकविलेले, पातळ तोंडाचे पाने दिले : एक टोपी-नटासाठी, एक खालच्या नटासाठी आणि तिसरा स्प्रिंगची थाळी धरून ठेवण्यासाठी. थाळी दांड्याशी गुंतलेली असल्यामुळे ती धरली की दांडा फिरत नाही. नाही तर नटाबरोबर झडपही गरगर फिरते आणि मोकळीक तशीच राहते.

तेव्हा ह्या एंजिनापुरते उत्तर असे : वाकविलेले दोन पाने आवश्यक समजावेत. तिसऱ्याचे काम पुष्कळदा स्प्रिंगचे घर्षणच करते, मात्र नट घट्ट बसलेला असल्यास तिसराही लागतो. परंतु ‘आवश्यक’ ह्याचा अर्थ ‘कारखान्याच्याच शिक्क्याचे’ असा नव्हे. १४ मि. मी.चे दोन जुने चांगले पाने लोहाराच्या भट्टीत तापवून वाकविता येतात.

हे करताना पोलादाचा स्वभाव जाणला पाहिजे. पान्याचे पोलाद कारखान्यात लाल तापवून एकदम थंड केलेले व मग माफक तापवून चिवट केलेले असते. ते पुन्हा लाल तापवून हवेत सावकाश निवू दिले, तर ती कठिणता जाते. म्हणून तोंडाभोवती ओले फडके गुंडाळून केवळ दांडीचा भाग तापवावा. दांडी मऊ झाली तरी चालेल, कारण हे नट सोडण्यास फार मोठा जोर लागत नाही, तोंड मात्र मऊ होता कामा नये. ते नटावर उघडू लागले तर पाना निकामी समजावा. जस्ताचा मुलामा दिलेले हत्यार भट्टीत घालू नये, त्याचा धूर अपायकारक असतो. तोंडाची जाडी घासून कमी करणे भाग पडल्यास ते पाण्यात वरचेवर बुडवीत घासावे, म्हणजे ते तापणार नाही.

एंजिन फिरविण्याची रीतही येथे महत्त्वाची आहे. ते भुजादंडाच्या पुढल्या बोल्टावर पाना लावून नेहमीच्याच दिशेने फिरवावे. कॅमदंडाच्या बोल्टाने किंवा उलट दिशेने फिरवू नये. बोल्ट सैल होण्याचा व साखळीच्या ताणयंत्रणेस इजा होण्याचा धोका असतो. फिलर गेज वापरताना दोन पात्यांची कसोटी विश्वसनीय ठरते. ०·१० मि. मी. हवे असेल तर ०·१० चे पाते थोडे अडखळत जावे आणि ०·१५ चे जाऊ नये. शेवटी झाकण बसविताना त्याचे गॅस्केट तपासावे, कारण तेथून गळणारे तेल साऱ्या श्रमांवर पाणी ओतते.

तिसरा प्रकार : चकत्यांची वाटी

तिसऱ्या रचनेत रॉकर नसतोच. कॅम थेट एका उलट्या वाटीवर दाब देतो व वाटीच्या माथ्यावर पोलादी चकती बसविलेली असते. तिला शिम म्हणतात. १९७६ साली निघालेल्या ‘फोक्सवॅगन गोल्फ’ गाडीचे डिझेल एंजिन असे आहे. मोकळीक बदलण्यासाठी चकतीच बदलावी लागते. ह्या चकत्या ३·०० पासून ४·२५ मि. मी. पर्यंत, ०·०५ मि. मी.च्या अंतराने मिळत. मोजलेली फट ०·१५ आणि हवी ०·२५ असेल व जुनी चकती ३·७० ची असेल, तर नवी ३·६० ची घ्यावी, हिशेब एवढाच.

पण चकती काढावयाची म्हणजे स्प्रिंगच्या जोराविरुद्ध वाटी खाली दाबून धरली पाहिजे व तेलाने चिकटलेली चकती उचलली पाहिजे. त्यासाठी एक दाबणारी तरफ व एक खास चिमटा असतो. येथे आडव्यातिडव्या स्क्रू-ड्रायव्हरांनी खटपट केल्यास कॅमवर ओरखडा पडतो, आणि तो ओरखडा नवी चकतीही खातो. आणखी एक सावधगिरी : डिझेलमध्ये दट्ट्या वरच्या टोकाला झडपेच्या अगदी जवळ येतो. म्हणून दट्ट्या वर असताना वाटी दाबू नये. भुजादंड पाव फेरी पुढे नेऊन मगच दाबावी. ह्या प्रकारात खास हत्यार खरोखरच लागते व त्यासोबत चकतीची जाडी मोजण्यास मायक्रोमीटरही लागतो. काही एंजिनांत, उदाहरणार्थ प्यूजोच्या ‘एक्सयूडी’ मालिकेत, चकती वाटीच्या आत दडलेली असते. तेथे कॅमदंडच उतरवावा लागतो. मग दाबण्याच्या हत्याराचा प्रश्न उरत नाही, पण काम मात्र दिवसभराचे होते.

ह्या साऱ्या खटाटोपातून सुटण्यासाठी पुढे तेलाच्या दाबाने मोकळीक आपोआप भरून काढणारी यंत्रणा आली. मर्सिडीजने १९८३ सालच्या ‘१९० डी’ गाडीत ती वापरली. अशा गाडीच्या झडपा साधण्याचे कामच नसते; वेळेवर स्वच्छ तेल घालणे एवढेच मालकाच्या हाती राहते.

उपसंहार

सारांश असा की, स्क्रू व नट असलेल्या एंजिनास साधी हत्यारे पुरतात; दांड्यावर दोन नट असलेल्यास वाकविलेले पाने हवेत, परंतु ते गावच्या लोहाराकडून करवून घेता येतात; वाटी आणि चकत्या असलेल्यास योग्य ती तरफ व चिमटा मिळवूनच कामास हात घालावा. तिन्ही प्रकारांत ज्याच्यावाचून चालणारच नाही ते हत्यार एकच, ते म्हणजे फिलर गेज. वाकडा पाना नसेल तर काम अडून राहते. फिलर गेज नसेल तर काम झाल्यासारखे दिसते आणि झडप मात्र जळते.

खास हत्यार म्हणजे जादूची कांडी नव्हे. अरुंद जागेत हात पोचावा, नटाची कड शाबूत राहावी व जोर जेथे हवा तेथेच पडावा, एवढ्यासाठी कोणीतरी विचारपूर्वक दिलेला तो आकार आहे. त्या आकारामागचे कारण ज्याला कळले, त्याला तसे हत्यार विकत घ्यावे, करवून घ्यावे की त्यावाचून भागवावे, हे ठरविता येते. आकुर्डीस ओतलेले एंजिन पट्टीश्वरम् च्या रस्त्यावर वर्षानुवर्षे धावते राहते, त्याचे श्रेय त्याच्या पोलादाला जितके आहे, तितकेच सकाळी एंजिन थंड असताना झाकण उघडून एक-एक झडप मोजणाऱ्या कारागिराला आहे.